डब्यात कडुनिंब, कुंडीवर निंबोळी तेल : या चुका टाळा

पाडव्याला दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या कडुनिंबाच्या डहाळ्या बऱ्याच घरांत सरळ तांदळाच्या डब्यात जातात आणि जुलैत डबा उघडला की कुबट वास येतो. पाला ओला होता, एवढंच. मुंबईची पावसाळी हवा आधीच दमट. त्यात पाल्याचा ओलावा धान्यात उतरला की बुरशी धरते. पाला सावलीत, हातात चुरा होईल इतका वाळवूनच घाला.

मात्र धान्याला कीड लागल्यावर पाला घालणं ही त्याहून मोठी चूक. चवळी किंवा मूग उजेडात धरून बघा. दाण्यावर पांढरे ठिपके घट्ट चिकटलेले दिसले, तर ती भुंगेऱ्याची अंडी. अळी तिथूनच दाण्यात शिरते आणि आतून पोखरते. तांदळातले टोके तर अंडीच दाण्याच्या आत घालतात. पाल्याचा वास फार तर बाहेरच्या किड्याला दूर ठेवेल, आतल्या अळीला त्याचं काहीच नाही. म्हणून वर्षाचं धान्य भरण्याआधी मे महिन्याचं कडक ऊन द्या. गॅलरीत ऊन येत नसेल तर किलो-किलोच्या पिशव्या घट्ट बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दाण्यांना पाणी सुटतं. कडधान्याला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळायची आपल्या आज्यांची रीत मला आजही पटते. तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात.

आता कुंड्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला की लोक बाटलीभर पाण्यात निंबोळी तेल ओततात. तेल वर तरंगतं, फवारा सगळीकडे सारखा बसत नाही आणि जिथे निव्वळ तेल पडतं तिथे पान करपतं. आधी ५ मिली तेलात एक-दोन मिली पातळ साबण चांगला घोटा, मग थोडं थोडं करत लिटरभर पाणी घाला. मिश्रण दुधासारखं दिसलं पाहिजे. फवारताना बाटली हलवत राहा, पानांची खालची बाजू सोडू नका. उरलेलं उद्यासाठी ठेवू नका.

वेळ संध्याकाळची. कडुनिंबातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन, म्हणजे कीड रोखणारं मुख्य द्रव्य, उन्हात लवकर निकामी होतं, आणि पावसाची सर आली तर फवारा धुऊन जातो.

‘फवारलं, तरी मावा तसाच’ ही तक्रार नेहमीची. अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीला जागच्या जागी मारत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. परिणाम दिसायला काही दिवस जातात. दुसऱ्या दिवशी दुप्पट तेल घालून झाड जाळू नका, आठवड्याने त्याच प्रमाणात पुन्हा फवारा.

आणि तंबाखूचं पाणी, कण्हेर किंवा धोतऱ्याचा अर्क कोथिंबीर-पालकावर कधीच मारू नका. झाडपाल्याचं असलं तरी ते माणसालाही विषच आहे, शिवाय फवाऱ्याची बाटली घरातल्या लहान मुलांच्या हाताशी असते.