स्वतंत्र परीक्षा मंडळ उभारताय? कुलपाआधी यादी तपासा. या चुका टाळा

नवं परीक्षा मंडळ म्हटलं की पहिली बैठक पेपरफुटीवरच रंगते. सीलबंद पाकिटं, सीसीटीव्ही, भरारी पथकं. हे सगळं हवंच. पण मंडळं तोंडघशी पडतात ती बऱ्याचदा तिथे नाही, तर नावं आणि गुणांच्या तक्त्यात.

स्कॉटलंडचं उदाहरण घ्या. 1997 मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून तिथे एकच पात्रता प्राधिकरण स्थापन झालं. 2000 च्या ऑगस्टमध्ये, नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच निकालात, हजारो विद्यार्थ्यांच्या हाती अपुरी किंवा चुकीची प्रमाणपत्रं पडली. पेपर फुटला नव्हता. शाळांकडून आलेले अंतर्गत निकाल लेखी परीक्षेच्या गुणांशी जुळवताना माहितीचा गोंधळ उडाला होता. प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला.

हा गोंधळ कसा होतो ते एका रकान्यात पाहू. एका आसन क्रमांकापुढे गणिताचा रकाना रिकामा आहे. म्हणजे काय? विद्यार्थी गैरहजर होता? त्याला शून्य मिळालं? उत्तरपत्रिका केंद्रावरून आलीच नाही? की परीक्षकाने तपासली, पण गुण भरायचे राहिले? चार वेगळ्या गोष्टी, रकाना एकच. संगणक प्रणालीने रिकाम्या जागी आपोआप शून्य भरलं, तर हजर राहून पेपर लिहिलेला मुलगा नापास होतो आणि यादी मात्र पूर्ण दिसते. म्हणून या चारही स्थितींना वेगवेगळे संकेत द्या, आणि रिकामा रकाना असेल तर निकाल पुढे सरकूच नये अशी अट प्रणालीत घाला. शिवाय प्रत्येक केंद्राचा ताळा रोज घ्या: नोंदणी वजा गैरहजर म्हणजे तितक्याच उत्तरपत्रिका. एकीचा फरक असला तरी त्याच संध्याकाळी केंद्रसंचालकाला फोन. महिन्याभराने विचारलंत तर कुणालाच काही आठवत नाही. आणि खऱ्या निकालाआधी जुन्या गुणांवर एकदा संपूर्ण रंगीत तालीम कराच. एका तालुक्यापुरती नाही, पूर्ण संख्येवर.

दुसरी चूक कागदोपत्री स्वायत्ततेची. कायद्यात ‘स्वतंत्र’ लिहिलेलं असतं, पण अध्यक्षाला एका आदेशाने हलवता येतं, पैसा दरवर्षी मागावा लागतो, आणि निकालाची तारीख मंत्रीच पत्रकारांना सांगून मोकळे होतात. मला यातली तारीखच सगळ्यात घातक वाटते. ती एकदा जाहीर झाली की परीक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांची वरिष्ठांकडची फेरतपासणी घाईत उरकली जाते. अध्यक्षाची मुदत, हटवण्याची लेखी कारणं, परीक्षा शुल्काचं स्वतःचं खातं आणि तारीख ठरवण्याचा अधिकार या चार गोष्टी मूळ कायद्यातच असाव्यात. नियमावलीत टाकल्या तर त्या बदलायला एक दुपार पुरते.

परीक्षा घेणारा आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा एकच नको, असं म्हणतात, खरंच आहे. इंग्लंडमध्ये ऑफक्वाल हा परीक्षा मंडळांवर देखरेख ठेवणारा वेगळा नियामक 2010 पासून संसदेला उत्तरदायी आहे. पण वेगळेपण म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. 2020 मध्ये परीक्षा रद्द झाल्यावर त्याच्याच सूत्राने ए-लेव्हल या बारावीच्या तोडीच्या परीक्षेसाठी शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे 39 टक्के खाली आणल्या. सूत्रात शाळेच्या मागच्या निकालांना वजन होतं, त्यामुळे सामान्य निकालाच्या शाळेतली हुशार मुलं भरडली गेली. 13 ऑगस्टला निकाल, 17 ला माघार. दाद कुठे, किती दिवसांत आणि कोणत्या कारणावर मागायची हे निकालाआधीच ठरवा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत द्या. गुणपडताळणीचे अर्ज वाढतील, वाढू देत.

तपासणी बाहेर दिलीत तर करारात माहितीची मालकी स्वतःकडे ठेवा. इंग्लंडमध्येच 2008 साली शालेय चाचण्यांचे निकाल रखडले आणि कंत्राट मोडावं लागलं. कंत्राटदार गेला तरी गुण तुमच्याकडे उरले पाहिजेत.

कुलपाबद्दल थोडंसं, नाहीतर म्हणाल विसरला. केनियात 2015 च्या पेपरफुटीनंतर परीक्षा परिषदेचं संचालक मंडळच बरखास्त झालं. मग प्रश्नपत्रिका दोन कुलपांच्या कंटेनरमध्ये ठेवायला सुरुवात झाली. किल्ल्या दोन वेगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एकट्याला उघडताच येऊ नये. उपाय साधा आहे, उचला.

आता नेहमीचा पेच: उद्या निकाल आणि सात केंद्रांचा ताळा जुळत नाही. तेवढे राखून बाकीचा लावावा, असं सुचवणारे भेटतील. चूक त्या सात केंद्रांपुरतीच आहे हे दाखवता आलं तर लावा, आणि राखीव केंद्रांची यादी कारणासह त्याच वेळी जाहीर करा. दाखवता येत नसेल, तर तारीख पुढे ढकला आणि ते आजच सांगा.