आंतरराष्ट्रीय कायदा समजत नाहीये? मणिबेलीपासून सुरुवात करा

एमए सोशिओलॉजीच्या पोरांना हा पेपर जड जातो कारण ते करारांची नावं पाठ करत बसतात. तसं नका करू. आधी एक भांडण पकडा, मग त्यात कायदा कुणी, कधी आणि कुणाविरुद्ध वापरला ते शोधत जा. भांडण शोधायला जिनिव्हाला जायची गरज नाही भो, आपल्या नंदुरबारची गावं बुडवणारं गुजरातमधलं सरदार सरोवर धरण आहे ना.

मणिबेली, अक्कलकुवा तालुका, नर्मदेच्या काठचं बुडितातलं गाव. त्या भागातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते पण कितीतरी जणांच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणजे सरकारदरबारी ते अतिक्रमणवाले. आणि गंमत बघा, भारताने 1958 सालीच आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, 107 नंबरचा करार मान्य केलेला, त्यात स्पष्ट आहे की आदिवासींच्या पूर्वापार वहिवाटीच्या जमिनीवर त्यांची मालकी माना. तीस वर्षं हा करार कागदावरच, तलाठ्याने नाव तरी ऐकलं असेल का शंकाच आहे.

मग तो बाहेर काढला कुणी? इथे वहीत सगळ्या पार्ट्या लिहा: गावकरी, नर्मदा बचाव आंदोलन, परदेशातल्या संघटना, गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही तिन्ही राज्य सरकारं, आणि 1985 ला 45 कोटी डॉलर कर्ज मंजूर करणारी वर्ल्ड बँक. प्रत्येकापुढे लिहा, याला कशाची भीती होती. बँकेला पोलिसाची नव्हती, पैसे देणाऱ्या देशांत नाव खराब व्हायची होती. म्हणून 1991 ला तिने प्रकल्प तपासायला स्वतंत्र मोर्स समिती नेमली, समितीने 107 नंबरचाच आधार घेऊन पुनर्वसनाचे वाभाडे काढले, मार्च 1993 मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं आणि त्याच वर्षी बँकेला तक्रारी ऐकायला इन्स्पेक्शन पॅनल काढावं लागलं.

धरण काही थांबलं नाही. म्हणून कायदा फेल असं लगेच लिहू नका, मार्क जातात आणि ते अर्धवटही आहे. कालपर्यंत ‘अतिक्रमणवाला’ असलेला माणूस आता हक्कदार म्हणून बोलू शकला का, हे तपासा.

जमलं की कापूस घ्या. अमेरिकेच्या कापूस सबसिडीवर ब्राझीलने 2002 ला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, केस टाकली, जिंकली, 2014 च्या तडजोडीत 30 कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस संस्थेला गेले. अशा सबसिडीने भाव पडल्याचा फटका जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावच्या शेतकऱ्यालाही बसतो, पण डब्ल्यूटीओत केस फक्त सरकारच टाकू शकतं. मग त्याच्या वतीने कोण बोलणार, ते वहीत मांडून बघा.