फोनवरून गेम लाईव्ह करताना: अपलोड, ताप आणि माईक

लाईव्ह अडकायला लागलं की लोक नवा फोन बघायला निघतात. आधी अपलोड, म्हणजे फोनमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचा वेग, मोजा. स्पीड टेस्टमधला डाउनलोडचा मोठा आकडा इथे कामाचा नाही. रात्री नऊला खेळणार असाल तर नऊलाच तीन-चारदा टेस्ट करा. ७२०पी चित्र, सेकंदाला ३० फ्रेम आणि २५०० केबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) ठेवायचा तर सलग ५ एमबीपीएस, म्हणजे ५००० केबीपीएस, अपलोड हवा. दुप्पट अशासाठी, की अपलोड सतत वरखाली होतो आणि गेमची पिंगही (सर्व्हरशी होणारी ये-जा) त्याच लाइनवर असते. १०८०पीचा हट्ट सुरुवातीला नको.

या बिटरेटला तासाला साधारण १.२ जीबी डेटा जातो, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक सव्वा तासात संपतो. नाशिकच्या पंचवटीत राहत असाल तर गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, गर्दी असलेल्या दिवशी मोबाईल डेटावर विसंबूच नका, टॉवरवर ताण येतो. घरचं वायफाय बरं; ५ गिगाहर्ट्झचा बँड घ्या आणि राउटरच्याच खोलीत बसा. लाइट गेली की राउटरही जातो, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा. एम. जी. रोडला घ्यायला जाताना राउटरचा अडॅप्टर सोबत न्या: त्यावरचे व्होल्ट यूपीएसशी तंतोतंत जुळले पाहिजेत, यूपीएसचे ॲम्पिअर अडॅप्टरएवढेच किंवा जास्त चालतात.

यूट्यूबवर चॅनेल फोन नंबरने व्हेरिफाय करावं लागतं आणि लाईव्हची सोय पहिल्यांदा चालू व्हायला २४ तास लागू शकतात. रविवारी मॅच असेल तर हे शुक्रवारीच उरका. यूट्यूबच्या मोबाईल ॲपमधून थेट लाईव्ह जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. तेवढे नसतील तर प्रिझम लाईव्ह स्टुडिओ किंवा स्ट्रीमलॅब्ससारख्या ॲपमध्ये स्ट्रीम की (यूट्यूब स्टुडिओत मिळणारा तुमच्या लाईव्हचा कोड) टाकून जाता येतं. ही की पासवर्डसारखीच जपा, स्क्रीनशॉटमध्येसुद्धा जाऊ देऊ नका. ॲपच्या सेटिंगमध्ये कीफ्रेम (पूर्ण चित्र किती वेळाने पाठवायचं ते) २ सेकंद, ऑडिओ १२८ केबीपीएस ठेवा. स्क्रीन आडवी आधीच ठरवा, नाहीतर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. बॅटरी सेटिंगमध्ये स्ट्रीमिंग ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. ते केलं नाही तर गेम पुढे आला की काही फोन ॲप मागच्या मागे बंद करतात.

सगळ्यात जास्त घोळ आवाजाचा होतो. गेमचा आतला आवाज थेट पकडायची सोय अँड्रॉइड १० पासून आहे. त्याआधीच्या फोनवर तो स्पीकरमधून माईकमध्ये जातो, म्हणजे पंखाही ऐकू येणार. नव्या फोनवरही एक अडचण उरतेच: टीमशी बोलायला गेममधला व्हॉइस चॅट चालू केला की माईक गेमकडे जातो आणि प्रेक्षकांना तुमचा आवाज येत नाही. कॉमेंट्री महत्त्वाची असेल तर गेमचा माईक बंद ठेवा आणि टीमशी बोलायला दुसरा फोन वापरा.

आता ताप. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी लाईव्ह टाळाच. फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो. कव्हर काढा, ब्राइटनेस कमी करा, चार्जिंग आधीच करून घ्या. खेळताना चार्जर लावल्याने उष्णता आणखी वाढते. दोष कुठे आहे ते असं ओळखा: तुमच्याच स्क्रीनवर गेम अडखळत असेल तर बहुधा ताप, गेम लोण्यासारखा चालतोय पण सगळ्याच प्रेक्षकांकडे चाक फिरतंय, तर अपलोड. तेव्हा बिटरेट १५०० वर आणा.

सुरू करण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. बँकेचा ओटीपी स्क्रीनवर झळकला तर तो बघणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. कस्टम रूम (ठरलेल्या खेळाडूंचीच खासगी मॅच) खेळताना यूट्यूब स्टुडिओत ३० किंवा ६० सेकंदांचा डिले द्या, म्हणजे समोरची टीम लाईव्ह बघून तुमची जागा हेरणार नाही. आणि पैसे लावून खेळायच्या ॲपची जाहिरात कितीही रक्कम मिळत असली तरी घेऊ नका. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने अशा खेळांच्या जाहिरातीवरही बंदी आहे.

पहिलं लाईव्ह 'अनलिस्टेड' (लिंक असलेल्यालाच दिसेल असं) ठेवून अर्धा तास चालवा, दुसऱ्या फोनवर हेडफोन लावून ऐका आणि मगच लिंक ग्रुपवर टाका.