घरी एलईडी कॅलेंडर बनवताय? मग निदान या चुका टाळा

सेव्हन सेगमेंटचं, म्हणजे सात पेटत्या पट्ट्यांतून आकडा उमटवणाऱ्या डिस्प्लेचं, कॅलेंडर म्हटलं की सगळ्यांना वाटते दोन तासांचं काम आहे, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घ्या, डिस्प्ले घ्या, लायब्ररी (तयार कोड) टाका, झालं. टेबलावर आकडे पेटतातही, नाही असं नाही. पण हे वर्षभर भिंतीवर चालायचं आहे आणि याच्या चुका पहिल्या दिवशी दिसतच नाहीत, तारीख पुढे सरकली की एकेक बाहेर येते. आजूबाजूची पोट्टी जे बंद पडलेले प्रोजेक्ट घेऊन येतात ते बहुतेक याच चार-पाच जागी अडकलेले असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

रेझिस्टर कॉमन पिनवर लावणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ही निव्वळ आळसातून होते. करंट आवरायला आठ रेझिस्टर सोल्डर करायचा कंटाळा, म्हणून सगळ्या सेगमेंटच्या सामायिक, म्हणजे कॉमन पिनला एकच लावून मोकळे. आता त्या एका रेझिस्टरमधून जेवढा करंट येईल तो पेटलेल्या सगळ्या सेगमेंटमध्ये वाटला जाते. १ मध्ये दोन सेगमेंट, ८ मध्ये सात. म्हणून ११ तारीख झगझगीत आणि २८ तारीख मिणमिणती. मग म्हणतात डिस्प्लेच खराब आहे, आणि बर्डीच्या बाजारात जाऊन दुकानदाराशी भांडतात. डिस्प्ले चांगलाच असते हो! प्रत्येक सेगमेंटला स्वतःचा रेझिस्टर द्या, सात सेगमेंटचे सात आणि डॉटचा आठवा.

आणि हिशोब करा, अंदाजपंचे नको. सप्लाय ५ व्होल्ट, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट जातात, उरले ३, रेझिस्टर ३३० ओहमचा, म्हणजे सेगमेंटला ९ मिलिअँप. ८ पेटला की कॉमन पिनमधून ६३ मिलिअँप जाणार. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८ चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० आहे, ती पण चिप खराब होण्याची मर्यादा आहे, रोज चालवायची नाही, मी २० च्या वर जातच नाही. म्हणून कॉमनला ट्रान्झिस्टर लागतेच. कॉमन पिन एलईडींची ऋण बाजू (कॉमन कॅथोड) असेल तर एनपीएन ट्रान्झिस्टर, बीसी ५४७ इथे पुरते कारण तो १०० मिलिअँपचा आहे. धन बाजू (कॉमन अॅनोड) असेल तर पीएनपी, बीसी ५५७. “काका, पण चालून तर राहिलं ना!” हे मी किती पोट्ट्यांकडून ऐकलं असेल. आज चालून राहिलं आहे, चार महिन्यांनी पिन मेली की पूर्ण बोर्ड बदलावा लागते.

कॅथोड की अॅनोड हे न तपासता वायरिंग करणे

मल्टिमीटर डायोडवर ठेवा, अर्ध्या मिनिटात कळते. मॅक्स ७२१९ ही डिस्प्ले चालवणारी आयसी घेणार असाल तर डिस्प्ले कॉमन कॅथोडच पाहिजे.

मल्टिप्लेक्सिंग चालू असताना डिले टाकणे

मल्टिप्लेक्सिंग म्हणजे अंक आळीपाळीने पेटवणे, चार अंकांत एका वेळी एकच पेटलेला असते. प्रत्येकाला २ मिलिसेकंद दिले तर ८ मिलिसेकंदात एक फेरी, सेकंदाला १२५ फेऱ्या, डोळ्याला सगळे स्थिर दिसतात. मग कोडच्या लूपमध्ये कुठेतरी एक सेकंदाचा डिले, म्हणजे थांबा, टाकला की एकच अंक भगभगत राहते आणि बाकी तीन गायब. मी डिस्प्लेचं काम सरळ टायमर इंटरप्टमध्ये (ठराविक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) टाकतो आणि लूपकडे पाहतही नाही. शेजारच्या अंकाची पुसट सावली दिसत असेल तर क्रम चुकला आहे: आधी अंक बंद, मग सेगमेंट बदला, मग पुढचा अंक चालू.

बीसीडी न समजता तारीख वाचणे

ही गोष्ट नीट सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका इंजिनिअरिंगच्या पोट्ट्याने आजोबांसाठी चार अंकांचं कॅलेंडर बनवलं, दोन अंक तारखेचे, दोन महिन्याचे. सुबक लाकडी पेटी, समोर लाल अॅक्रिलिक, वायरी लेसने बांधलेल्या. १ तारखेला भिंतीवर लावलं, ९ तारखेपर्यंत सगळं बरोबर. १० तारखेला सकाळी त्यावर १६ उमटला. आजोबांना वाटलं एकादशी निघून गेली की काय! पोट्ट्याने आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल नवीन आणलं, सेल बदलला, पुन्हा वेळ सेट केली, तरी १६. अकराला १७. माझ्याकडे आला तेव्हा हातात तिसरं मॉड्यूल होतं.

त्या मॉड्यूलवरची घड्याळाची चिप डीएस ३२३१ तारीख बीसीडीत ठेवते, म्हणजे प्रत्येक अंक वेगळा. वरच्या चार बिटांत दशक, खालच्या चारांत एकक. १० म्हणजे त्याच्याकडे वर १ आणि खाली ०, आणि तो बाइट सरळ आकडा म्हणून वाचला की १६ होतो. नऊपर्यंत दशक शून्यच असते, म्हणून चूक लपून राहते. त्याचा महिनाही ऑक्टोबरपर्यंत लपलाच असता. वरचे चार बिट गुणिले १०, अधिक खालचे चार, एवढीच दुरुस्ती. पोट्ट्याने वेळ लायब्ररीने सेट केली आणि वाचायचा कोड कुठूनतरी उचलून चिकटवला, तो काय करते हे वाचलंच नाही. उचललेल्या कोडला माझा विरोध नाही, न वाचता चिकटवण्याला आहे.

माझी सवय अशी की कॅलेंडर भिंतीवर जायच्या आधी घड्याळ मुद्दाम रात्री ११:५९:५० ला लावतो आणि समोर बसून पाहतो. ९ तारीख, ३० एप्रिल, ३१ डिसेंबर, २८ फेब्रुवारी २०२४ आणि मग २८ फेब्रुवारी २०२५. चहा होईस्तोवर सगळं तपासून होते.

किरकोळ, पण महागात पडणाऱ्या

स्वस्त म्हणून डीएस १३०७ ही घड्याळाची चिप घेऊ नका. त्याचा क्रिस्टल, म्हणजे वेळ मोजणारा भाग, २५ अंशाच्या आसपास बरा चालते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ होते, तेव्हा दिवसाला सेकंदभर मागे पडते. ३२३१ तापमान पाहून स्वतः दुरुस्ती करते.

३२३१ च्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असते. त्यात साधा, चार्ज न होणारा सीआर २०३२ सेल टाकला तर तो फुगू शकते. डायोडजवळचा चार्जिंगचा रेझिस्टर काढून टाका.

आयसीच्या सप्लायला अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ब्रेडबोर्डवरून थेट भिंतीवर जाऊ नका, वायरी सुटतात.

चार-पाच इंचाच्या मोठ्या डिस्प्लेत एका सेगमेंटमध्ये अनेक एलईडी ओळीने असतात, ते ५ व्होल्टवर पेटत नाहीत. तिथे १२ व्होल्ट आणि यूएलएन २००३ ही ट्रान्झिस्टरची आयसी.

वार दाखवायला सेव्हन सेगमेंटवर अक्षरं काढत बसू नका, त्यासाठी १४ किंवा १६ सेगमेंटचे डिस्प्ले असतात. मी तेही घेत नाही. सात साधे एलईडी एका ओळीत, खाली ट्रेसिंग पेपरवर सोम, मंगळ, बुध लिहिलेलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय वाचता येते आणि पिन पण वाचतात.