एसटीत चढणारी बाबागाडी

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माझ्या गाडीत फवारणीचे पंप चढले, तुरीचे कट्टे चढले, आंदणाची कपाटं टपावर चढली, कोंबड्या तर मोजल्याच नाहीत. बाबागाडी मात्र नोकरी संपेपर्यंत एकदाही चढली नाही. ती पहिल्यांदा चढवायची वेळ आली ती माझ्याच घरच्यांवर, आणि चढली नाहीच.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. एसटी फाट्यावर थांबते. नात सात महिन्यांची झाली तशी सुनेची ये-जा वाढली. कधी यवतमाळला दवाखाना, कधी नेरच्या पुढे तिचं माहेर. मुलगा बुटीबोरीला कंपनीत आहे, सुटीला येतो. त्यानं ऑनलाइन बाबागाडी पाठवली. खोका उघडला तर आत जवळजवळ सायकलच. वजन ११ किलो, मोठी हवेची चाकं, खाली टोपली, चहाचा कप ठेवायलाही जागा. अंगणात काय फिरली! फाट्यापर्यंतही झकास गेली. एसटी आली, सून लेकराला घेऊन चढली आणि मी घडी घालायला लागलो. आधी सीट काढायची, मग सांगाडा मिटवायचा, असं तिचं दोन टप्प्यांचं प्रकरण होतं. सीट निघाली, सांगाडा मिटेना. ड्रायव्हर ओळखीचा म्हणून थांबला. आडवी घातली तर दाराच्या दांड्याला अडली, उभी घातली तर माझा अंगठा सापडला. शेवटी मी खाली, बाबागाडी खाली आणि सून-नात यवतमाळला. खिडकीतून एक म्हातारबुवा ओरडले, "काका, हिले लायसन लागते काय जी?"

त्या दिवसापासून मी या विषयात पडलो. आता गावातले लोक मला विचारून बाबागाडी घेतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

दुकानदार गाडी ढकलून दाखवतो. त्याच्या फरशीवर तर जेवायचा पाटही सरकतो, त्यात काय बघायचं? आपल्याला ती ढकलायची कमी आणि उचलायची जास्त. एकदा यवतमाळच्या फेरीत मी मोजलं: घरातून निघून परत येईपर्यंत गाडी सहा वेळा उघडली-मिटली आणि चौदा वेळा उचलली. म्हणून पहिला प्रश्न वजनाचा. सात किलोच्या वर जाऊ नका. डब्यावर लिहिलेल्या वजनावरही जाऊ नका, काही जण छत आणि पुढचा दांडा काढून वजन लिहितात. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा, कोणी नाही म्हणत नाही.

दुसरी गाडी मी स्वतः आणली, छत्रीची घडी असलेली. ही म्हणजे मिटली की लांब काठी होते, साधारण मीटरभर, आणि वर छत्रीसारख्या दोन मुठी. मला ती का आवडली ते सांगतो. मुलानं मोबाइलवर तिची गोष्ट वाचून दाखवली होती. ओवेन मॅक्लारेन नावाचा इंग्रज इंजिनिअर, विमानाच्या कामातला माणूस. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं खालून निघून परत पोटात मिटतात ना, त्या कामात त्याचा हात होता. म्हातारपणी त्याची लेक नातीला घेऊन विमानानं आली, तेव्हा त्या काळची अवजड बाबागाडी सांभाळताना तिची दमछाक त्यानं बघितली. मग विमानातलंच डोकं वापरून त्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मिटणारी गाडी केली, १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला. पहिली गाडी तीन किलोच्याही आत होती. आजोबानं नातीसाठी केलेली वस्तू! मला वाटलं, संपला विषय.

घरी आणून मी घडी करून दाखवली. मागची आडवी पट्टी पायानं वर उचलायची, दोन्ही मुठी दोन हातांनी पुढे दाबायच्या, खटका बसला की झालं. दहा सेकंद. सून बघत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन हातानं घडी करून राहिले. माझ्या एका हातात लेकरू आहे ना."

३१ वर्षं मी बायांना लेकरू कडेवर, पिशवी खांद्यावर आणि एका हातानं दांडा धरून चढताना पाहिलं, आणि गाडी घेताना तेवढंच विसरलो. बायको म्हणाली, "आपले दोन्ही पोरं कडेवरच मोठे झाले, तेव्हा कुठं होते तुमचे हे शोध?" त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

तर तिसरी गाडी घ्यायला सुनेलाच नेलं, नातीसकट. यवतमाळच्या दुकानात तिनं नातीला डाव्या कडेवर घेतलं आणि फक्त उजव्या हातानं प्रत्येक गाडी मिटवून बघितली. पाच गाड्यांमधून तीन तिथेच बाद झाल्या. तुमचं लेकरू सोबत नसेल तर दहा किलो आट्याची थैली कडेवर घ्या. दुकानदार हसेल, हसू द्या. बटण दाबून मूठ फिरवली की स्वतःच खाली बसते अशी घडी आम्ही घेतली. मिटल्यावर ती पेटीसारखी होते, अर्ध्या मीटरच्या थोडी वर उंच, आणि आपल्या पायावर उभी राहते. हे उभं राहणं फार महत्त्वाचं. आडवी पडणारी गाडी स्टँडवर नेमकी पानाच्या पिचकारीवर पडते.

मिटवल्यावर एक काम नक्की करा: उचलून दोन-तीन वेळा जोरात हलवा. काहींचा खटका सैल असतो, उचलली की फटकन उघडतात. पायरीवर असताना असं झालं तर मागचा माणूस खाली. घडी घालताना लेकराची बोटं सांध्याजवळ येऊ देऊ नका. माझा अंगठा पंधरा दिवस काळा होता, तिचं तर बोटच केवढं.

उचलायला गाडीसोबत आलेला पट्टा बारीक असतो, खांद्यात रुततो. तो मी काढून टाकला आणि दारव्ह्याच्या बाजारात चपला शिवतो त्याच्याकडून खाटेच्या नवारीचा रुंद पट्टा बसवून घेतला. ४० रुपयांत सगळ्या गाडीतली सगळ्यात उपयोगी वस्तू झाली.

आता चाकं. इथं शहरातल्या लोकांचा सल्ला आपल्याला चालत नाही. ते म्हणतात खराब रस्त्याला हवेची चाकं घ्या. आमच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत, आठ दिवसांत दोन पंक्चर निघाले. बाभळीचा काटा ट्रॅक्टरला सोडत नाही, बाबागाडीचं काय. फोमचं किंवा भरीव रबरी चाक घ्या. कडक प्लास्टिकचं घेऊ नका, ते गिट्टीवर खडखडतं आणि झोपलेलं लेकरू उठवतं. आकारानं पुढचं चाक पाच-सहा इंच तरी हवं, त्याहून लहान असेल तर डांबर उखडलेल्या प्रत्येक खड्ड्यात नाक घासतं.

आणि पुढे जोडचाकं नकोत. छत्रीच्या गाड्यांना पुढे बहुतेक दोन-दोन चाकं चिकटून असतात. आपली काळी माती एकदा पावसात भिजली की त्या दोन चाकांच्या मधल्या फटीत भरते, भरते आणि मग चाक फिरतच नाही, नांगरासारखी गाडी ओढावी लागते. एकेरी चाकाची माती काडीनं निघते. चाक बटण दाबून सुटणारं असेल तर फारच छान, हातपंपाखाली धुता येतं. पुढची चाकं गोल फिरणारी असतात, पण त्यांना सरळ अडकवून ठेवायची कळ आहे का ते बघा. गिट्टीच्या वाटेवर मोकळं चाक गरगरत बसतं, अडकवलं की गाडी सरळ जाते. दिवाळीनंतर एक वेगळीच भानगड: वेचणीच्या दिवसांत वाटेवर सांडलेला कापूस आणि कट्ट्यांचे दोरे आसाला गुंडाळले जातात. चाक जड झालं की तेल घालू नका, आधी सेफ्टी पिनने दोरे उपसा. तेल घातलं की धूळ बसते आणि अजून जाम होतं.

ब्रेक एका पायानं दोन्ही मागच्या चाकांना लागणारा घ्या. ब्रेक लावून उतारावर ढकलून बघा. स्टँडचं अंगण सपाट दिसतं, असत नाही. आणि पिशवी मुठीला लटकवू नका. लेकरू बसलेलं असतं तोवर गाडी टिकते, त्याला उचललं की पिशवीच्या वजनानं मागे उलटते. लेकरू आत असतानाही जड पिशवीनं उलटू शकते. पाण्याची बाटली आणि दुपटी खालच्या टोपलीत.

पट्टे पाच टोकांचे हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. कमरेचाच पट्टा असेल तर वर्षाचं लेकरू त्यातून सापासारखं निसटतं.

वयाचं सांगायलाच हवं. लेकरू मान सावरून नीट बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, त्याला उभ्या पाठीच्या गाडीत घालू नका. पाठ पूर्ण सपाट होणारी गाडी मिळते, पण ती जड असते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना आम्ही नातीला हातावरच नेलं, त्या वयाला आईची कूसच बरी. वरची मर्यादा बहुतेक गाड्यांना १५ किलोची असते, लेबलवर लिहिलेली असते. युरोपातला बाबागाड्यांचा नियम 'ईएन १८८८' नावाचा आहे, लेबलवर तो आकडा दिसला तर चांगलंच.

उन्हाळ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपला मे महिना गाडी बनवणाऱ्यांनी पाहिलेला नसतो. गाडी उन्हात उभी ठेवली असेल तर लेकराला बसवण्याआधी बकलवर आपला हात ठेवून बघा, धातूची असेल तर चटका बसतो. काळं-निळं कापड घेऊ नका. छत लांब, पाठीला जाळीची खिडकी असलेली गाडी घ्या. आणि ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपट्टा पांघरतात, ते बिलकूल करू नका. आतली हवा कोंडते आणि तापते, बाहेरून आपल्याला कळतही नाही. शक्य असेल तर सकाळची पहिली गाडी पकडा आणि उन्हाच्या आत घरी या. सीटवर जुन्या सुती लुगड्याची घडी अंथरा, ते नायलॉनचं कापड घाम पीत नाही.

एसटीत चढायची रीत. एसटी दिसली की बाबागाडी मिटवा, एसटी थांबल्यावर नाही. सोबत माणूस असेल तर लेकरू घेतलेली बाई आधी चढते, बाबागाडी मागून. एकटी असेल तर बाबागाडी पट्ट्यानं खांद्यावर, लेकरू कडेवर आणि एक हात दांड्यासाठी मोकळा. तो हात मोकळा राहत नसेल तर गाडी तुमच्यासाठी मोठी आहे, घेऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही आणि १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गर्दी आमच्या वेळेपेक्षा वाढली. जागा नसते तेव्हा बाबागाडी मधल्या वाटेत ठेवू नका, कंडक्टरला फिरता येत नाही आणि तो आधीच वैतागलेला असतो. हे मी स्वतःवरून सांगतो. ती पायांसमोर उभी, गुडघ्यांमध्ये धरून. ड्रायव्हरजवळच्या बॉनेटवर तर अजिबात नको, इंजिन तापतं आणि प्लास्टिक वाकतं. चालत्या गाडीत लेकरू मांडीवर. बाबागाडी उघडून त्यात बसवलेलं आणि ब्रेक लावलेला, असं मी एका बाईला करताना पाहिलं. ड्रायव्हरनं म्हशीसाठी ब्रेक दाबला असता तर त्या इवल्या ब्रेकनं काय धरलं असतं?

काळी-पिवळीत सोपं आहे, मागे उभी ठेवा. टपावर टाकली तर दोरीनं बांधा, उतरताना स्वतः उतरवून घ्या. रेल्वेला बडनेऱ्याहून जायचं तर डब्यात शिरायच्या आधी मिटवा, फलाट आणि डब्यामधली फट चाक गिळते. नागपूरच्या मेट्रोत लिफ्ट आहे, तिथं ११ किलोचीही चालली असती. सरकत्या जिन्यावर मात्र नेऊ नका. आमच्या दारव्ह्याची शकुंतला, ती छोटी रेल्वे, चालू असती तर एवढं लिहावंच लागलं नसतं, तिच्यात बकरीही निवांत उभी राहायची.

जुनी घ्यायला हरकत नाही, आमची पहिली ११ किलोवाली दिग्रसच्या एका घरात गेली. त्यांची चारचाकी आहे. जुनी घेताना सांध्यांचे रिबीट हलवून बघा, नळ्यांना वाकल्याची रेघ आहे का बघा, पाचही पट्टे ओढून बघा. रिबीट ढिला किंवा चाकाचा आस वाकडा असेल तर घाबरू नका. आमच्या गावचा सुतार तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करतो, त्यांना चाकं बसवतो. त्यानं आमच्या गाडीच्या चाकाचा आस अर्ध्या तासात सरळ करून दिला. पैसे घेतले नाहीत, पण नातीला त्यात बसवून स्वतः मारुतीच्या पारापर्यंत एक चक्कर मारून आणली.