नव्या स्ट्रॅटेजी गेमसाठी संगणक अपग्रेड करावा लागेल का? पैसे खर्च करण्यापूर्वी असे तपासा

नवा स्ट्रॅटेजी गेम जाहीर झाला की बहुतेकांचे लक्ष आधी ग्राफिक्स कार्डाकडे जाते. या प्रकारच्या गेममध्ये मात्र खरा भार प्रोसेसरवर पडतो, कारण शेकडो तुकड्यांच्या हालचाली, शहरांचे व्यापार आणि संगणकाकडून खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांचे निर्णय यांचा हिशेब तोच करत असतो. सुरुवातीला सुरळीत चालणारा गेम नकाशा भरत गेल्यावर रेंगाळू लागतो, तो बहुधा यामुळेच. म्हणून खालील तपासणी करताना गेमचा शेवटचा टप्पा डोळ्यांसमोर ठेवावा.

पहिली पायरी म्हणजे आपल्याकडे काय आहे याची नोंद. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभागात प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी दिसते. रॅमच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ असते, ती अवश्य वाचावी. तिथे दोनपैकी एकच स्लॉट वापरात दिसत असेल, तर त्याच जातीची दुसरी स्टिक बसवल्याने रॅम वाढते आणि डेटाची ने-आणही वेगाने होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये हा फरक विशेष जाणवतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅमवर चालतात.

दुसऱ्या पायरीत गेमच्या अधिकृत पानावरील अपेक्षा नीट वाचाव्यात. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ७’ साठी किमान ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० कार्ड सांगितले होते, तर शिफारस १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स २०६० ची होती. यातील ‘किमान’ म्हणजे १०८० पिक्सेलवर, सर्वांत कमी ग्राफिक्स ठेवून, सेकंदाला ३० फ्रेम्स (पडद्यावर बदलणारी चित्रे). एवढ्यावर आपले समाधान होणार का, हे आधी स्वतःशी ठरवावे. प्रोसेसरच्या नावातील आकड्यांची तुलना करताना पिढीकडेही लक्ष असू द्यावे. २०१३ चा आय७-४७७० हा नावाने मोठा वाटला, तरी २०२० चा आय३-१०१०० त्याच्यापेक्षा वेगवान आहे.

तिसरी पायरी सर्वांत उपयोगाची असून तिला एक रुपयाही लागत नाही. त्याच प्रकारचा जुना गेम आपल्याकडे असेल, तर त्यातील अगदी शेवटच्या टप्प्यातील सेव्ह (साठवून ठेवलेला डाव) उघडून एक टर्न, म्हणजे सर्व खेळाडूंच्या चालींची एक फेरी, पूर्ण व्हायला किती सेकंद लागतात ते मोजावे. ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये तर यासाठी वेगळी एआय बेंचमार्क चाचणी, म्हणजे संगणकाच्या प्रतिस्पर्ध्यांना चाली करायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, दिलेली आहे. त्यानंतर रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स सर्वांत खाली आणून पुन्हा मोजावे. वेळ जवळजवळ तेवढाच राहिला, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची नाही. अशा वेळी महागडे कार्ड घेऊनही टर्न लवकर संपणार नाही. उलट टर्नचा वेळ ठीक असून नकाशा सरकवताना चित्र अडखळत असेल आणि ग्राफिक्स कमी केल्यावर ते सुधारत असेल, तर मात्र कार्डाचा विचार करावा.

यानंतर थांबावे. गेम येण्याआधीच सुटे भाग घेऊन ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ हा गेम २४ ऑक्टोबर २०२३ रोजी आला, त्याच्या थोडे आधी निर्मात्यांनी शिफारस केलेले कार्ड आरटीएक्स २०८० टीआयवरून आरटीएक्स ३०८० वर नेले आणि कामगिरीचे ठरवलेले उद्दिष्ट गाठता आले नसल्याचेही सांगितले. पुढील अपडेट्समध्ये त्यात सुधारणा होत गेली. जी उणीव मुळात गेममध्येच असते, ती भरून काढायला आपण खिशातून पैसे का घालावेत?

तरीही खरेदी करायचीच झाली, तर आधी रॅम आणि एसएसडी (वेगवान साठवण) पाहावेत. प्रोसेसर बदलताना सध्याच्या मदरबोर्डवर त्याच सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचा) नवा प्रोसेसर बसतो का, हे उत्पादकाच्या यादीत तपासावे आणि गरज असल्यास बायोस (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यावे. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड असलेल्यांसाठी ९६ एमबी एल३ कॅशेचा (प्रोसेसरमधील अतिवेगवान मेमरीचा) रायझेन ७ ५८००एक्स३डी हा असा एक पर्याय आहे. मोठ्या कॅशेचा फायदा या गेम्सना चांगलाच होतो. कार्ड बदलणार असाल, तर एसएमपीएसची (वीजपुरवठा युनिटची) क्षमता आणि कॅबिनेटमधील जागा मोजून घ्यावी. लॅपटॉपमध्ये बहुधा रॅम आणि एसएसडीच बदलता येतात, आणि काही मॉडेलमध्ये रॅमही बोर्डावर कायमची जोडलेली असते.

शेवटची तपासणी प्रत्यक्ष गेमवर करावी. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. एवढ्या वेळात शेवटचा टप्पा सहसा येत नाही. म्हणून सुरुवातीलाच सर्वांत मोठा नकाशा आणि जास्तीत जास्त प्रतिस्पर्धी निवडावेत. ‘सिव्हिलायझेशन ७’ सारख्या गेममध्ये थेट आधुनिक युगापासून सुरुवात करता येते, तीही सोय वापरावी आणि टर्नचे सेकंद मोजावेत.