जुन्नरला शेतावर राहायला जाताय? मग दिवस असे लावा

जुन्नर भागात शेतावरच्या होमस्टेचं बुकिंग झालं रे झालं की ग्रुपवर लिस्ट पडते. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज, जमलं तर जीवधन किल्ला पण, आणि हे सगळं शनिवार-रविवारात! असं करू नका. मॅपवर सगळं जवळजवळ दिसतं पण दिशा वेगळ्या आहेत, नाणेघाट पश्चिमेला पार टोकाला, लेण्याद्री-ओतूर-माळशेज उत्तरेला, ओझर-नारायणगाव-खोडद पूर्वेला आणि मधे जुन्नर गाव. माझं म्हणणं एवढंच की एका दिवसाला एकच दिशा धरा. सकाळी लवकर निघा, शक्य असेल तर जेवायला शेतावर परत या, दुपारी मस्त ताणून द्या आणि ऊन उतरलं की जवळचं एखादं ठिकाण करा. नाहीतर शेतावर राहायला पैसे भरायचे आणि दिवसभर गाडीत बसायचं, त्याला काय अर्थ आहे.

पुण्याहून जुन्नर साधारण ९०-९५ किलोमीटर, नाशिक हायवेने चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे. अंतर काहीच नाही, पण चाकणचं ट्रॅफिक हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे शनिवारी सकाळी सहाच्या आत चाकण पार करा, नाहीतर सरळ शुक्रवारी रात्री जेवून निघा. एसटीनेही जाता येतं, फक्त होमस्टे गावापासून किती आत आहे आणि न्यायला कोणी येईल का ते आधी विचारून ठेवा.

बुकिंगच्या फोनवरच बाकीचंही विचारून घ्या. रेट माणशी आहे की खोलीचा, त्यात जेवणं किती, लहान मुलांचं काय, टॉयलेट खोलीला लागून आहे की बाहेर, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का. आणि मासवडी हवी असेल तर आदल्या दिवशीच सांगा, ती ऐनवेळी होत नाही. बेसन शिजवून घट्ट पिठलं करायचं, ओल्या कापडावर थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण भाजून केलेलं सारण भरायचं, कापडाच्याच मदतीने गुंडाळी करून दाबायची आणि मग वड्या कापायच्या. सोबत झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. शहरातल्या हॉटेलात मिळते ती बऱ्याचदा कोरडी लागते, इथे काकूंनी चुलीजवळ बसून केलेली खाल्ली की फरक कळतो. शक्य असेल तर करताना बघायला बसा, मुलांना तर हे फार आवडतं.

आता फिरण्याचं. पहिला दिवस शिवनेरी आणि जुन्नर गाव. गडावर सकाळी सातच्या सुमारास लागा. पायऱ्यांची वाट चांगली आहे, आजी-आजोबाही बसत-उठत चढतात. सात दरवाजे लागतात, घाईने ओलांडू नका, बांधणी बघत जा. शिवाई देवीचं मंदिर चुकवू नका, वर अंबरखाना (धान्याचं कोठार), गंगा-जमुना टाकी (उन्हाळ्यातही पाणी असतं), १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म झाला ती इमारत, बदामी तलाव आणि शेवटी कडेलोट टोक. तिथे सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जायचं नाही, मुलांचा हात धरा. साखळीची वाट म्हणून दुसरी एक चढण आहे, ती सवयीच्या ट्रेकर लोकांसाठी, फॅमिलीने तिकडे वळायचं कारण नाही. शिवजयंतीला गेलात तर माहोल जबरदस्त असतो, पण गड नीट बघायचा असेल तर तो दिवस सोडून जा.

संध्याकाळी जुन्नर गावात चक्कर मारा. लोक गडावरून उतरून थेट हायवेला लागतात, खरं तर हे गाव सातवाहन काळापासून व्यापाराचं मोठं ठिकाण. आजूबाजूच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, काही शिलालेखांत यवन म्हणजे ग्रीक मंडळींनी दिलेल्या दानाची नोंद आहे, यावरून अंदाज करा. तुळजा लेणीतला चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) गोल आहे, बारा खांबांचा, असा सहसा बघायला मिळत नाही. हापूसबागेजवळचा सौदागर घुमट पण भारी आहे आणि तिथे बहुतेक वेळा गर्दी अजिबात नसते.

दुसरा दिवस उत्तरेकडे. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या, उन्हाच्या आत चढा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. अष्टविनायकातला डोंगरावरच्या लेण्यात असलेला हा एकच गणपती, गिरिजात्मज, आणि तो ज्या सात नंबरच्या लेण्यात आहे ते मुळात बौद्ध विहार. एवढा मोठा मंडप आणि आत एकही खांब नाही, दर्शनाच्या रांगेत उभं असताना छताकडे बघा. शेजारचं सहा नंबरचं चैत्यगृह बघितल्याशिवाय खाली उतरू नका, निम्मे लोक बघतच नाहीत. माकडांपासून सावध, प्रसादाची पिशवी हातात दिसली की गेलीच, सगळं सॅकमध्ये टाका. तिथून ओतूरला कपर्दिकेश्वर करता येतं, श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी करतात आणि यात्रा भरते. माळशेजला मात्र पावसाळ्यातल्या वीकेंडला जाऊ नका, धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतील, मधल्या वारी जमत असेल तर बघा.

नाणेघाटाला अख्खा दिवस द्या आणि डबा बरोबर घ्या. वाटेत चावंड किल्ल्याच्या पायथ्याजवळ पूर गावात कुकडेश्वराचं जुनं मंदिर आहे, कुकडी नदी तिथूनच उगम पावते, दगडातलं कोरीवकाम बघायला अर्धा तास थांबा. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, आणि खिंडीतल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख, त्यात यज्ञांत दिलेल्या दानाचे आकडे कोरलेत. भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, आता वरची नावं आणि पायांचे अवशेष तेवढे राहिलेत. लेखावर हात फिरवू नका प्लीज, आणि कोणी खडू लावत असेल तर सांगा त्यांना. पावसाळ्यात वाऱ्याने धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं ते इथलंच, पण धुकं एवढं असतं की कडा कुठे संपतो कळत नाही. म्हणून नवख्या लोकांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावं असं मी म्हणेन.

पूर्वेकडचं सगळं परतीच्या वाटेवर ठेवा. ओझरचा विघ्नेश्वर, मागे येडगाव धरणाचं पाणी. खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, चौदा मधल्या भागात आणि बाकीच्या २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांसाठी प्रदर्शन असतं, मुलं आठवी-नववीत असतील तर ट्रिप त्याच तारखांना लावा. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, तमाशा कलावंत विठाबाईंचं गाव. गुढीपाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात, बाहेरून बघितलं तरी मजा येते. आळ्याला ज्ञानेश्वरांनी वेद म्हणवलेल्या रेड्याची समाधी आहे, आजी बरोबर असेल तर ती सोडणार नाहीच.

शेतावर काय करायचं ते सीझनवर आहे. जानेवारी ते मार्च द्राक्षं, थंडीत हुरडा, पावसाळ्यात भातलावणी पश्चिम पट्ट्यात. द्राक्षाच्या बागेत शिरून घड तोडायचे नाहीत, शेताच्या मालकांना, म्हणजे मामांना विचारा. फवारणी झालेली असेल तर काही दिवस खायची नसतात आणि कुठल्या ओळी मोकळ्या आहेत ते त्यांनाच माहीत असतं. विहिरीत पोहायचं असेल तर मामा काठावर पाहिजेत आणि पोहता येत असलं पाहिजे, कॅनॉलमध्ये तर उतरूच नका, पाण्याला ओढ असते.

आणि बिबट्या. हा जोक नाही, जुन्नर तालुक्यात उसामुळे बिबटे आहेत, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. दिवे लागल्यानंतर उसाच्या कडेने फिरायला जायचं नाही, रात्री खोलीतून टॉयलेटला जाताना सुद्धा टॉर्च घ्या, मुलांना एकटं सोडू नका आणि घरचा कुत्रा बरोबर आणायचा असेल तर आधी विचारा, तो रात्री आतच ठेवावा लागतो. मालक लोक सांगतात तेव्हा शहरातली मंडळी हसतात, तसं करू नका.

परत निघताना रविवारी दुपारी जेवण झालं की लगेच गाडी काढा, पाचनंतर निघालात तर चाकणला अडकलातच. सोमवारची सुट्टी मिळत असेल तर सोमवारी पहाटे निघालेलं सगळ्यात बरं, नारायणगावला टोमॅटो-भाजी घेऊन नऊच्या आत भोसरी गाठता येतं.